भरावाखालचा दिवा

“खाली वाका! डोस्कं झाका!”

विपुलची आरोळी पूर्ण होण्याच्या आतच सुरुंग फुटला. पायांखालची जमीन क्षणभर उचलल्यासारखी झाली, खदानीतून करड्या धुळीचा प्रचंड लोट उसळला आणि पाठोपाठ आकाशातून दगड बरसू लागले. नारळाएवढा एक धोंडा सणसणत आला आणि चारुतापासून अवघ्या पाच पावलांवर आपटून त्याचे तीन तुकडे झाले. त्यांतल्या एका ढलपीने तिच्या कपाळावर ओरखडा काढला.

“रक्त!” कपाळाला लावलेले बोट पाहून चारुता उद्गारली. तिच्या स्वरात भीतीपेक्षा संतापच अधिक होता. “ना भोंगा, ना लाल निशाण! सुरुंगाआधी इशारा द्यावा लागतो, असा कायदा आहे!”

“कायदा तुमच्या अमरावतीले राहते,” रागिणी कपडे झटकत म्हणाली. “इथं ओमप्रकाश शेठ राहते!”

“वाद मागाहून घाला,” ईशान म्हणाला. दगडांचा वर्षाव थांबला, तरी तो अजून पालथाच पडून होता आणि त्याची नजर पाण्याने भरलेल्या एका पारदर्शक नळीवर खिळली होती. “विपुल, धाव! खुंटी खचली! पाणी खुणेच्या दोन बोटं वर आलं आहे!”

“आन् त्या टोकाले?”

“तिकडची खुंटी जागेवरच! रस्त्याचं ते टोक हललेलं नाही. हे मात्र बसलं!”

चौघांनी एकमेकांकडे पाहिले. सुरुंगाच्या एका धक्क्यासरशी रस्ता दोन बोटे खाली जातो, तर तो रस्ता आहे तरी कसला?

ईशान आणि चारुता ही अमरावतीच्या मोरोपंत वकिलांची नातवंडे. मोरोपंतांनी एके काळी हिवरखेडच्या जानरावांची वावराची फिर्याद लढवली होती, आणि तेव्हापासून दोन्ही घरांचा स्नेह इतका दृढ झाला होता, की मुलांची प्रत्येक सुट्टी जानरावांच्या घरी जाई. विपुल आणि रागिणी ही जानरावांची मुले. गेल्या उन्हाळ्यात ईशानने विपुलला एक नवा छंद लावून दिला होता. मोबाइलवर एक खुला नकाशा असतो. त्यात कोणीही दुरुस्ती करू शकतो. सातपुड्याच्या पायथ्याचे गाडरस्ते, नाले, चढ-उतार हे सारे त्या नकाशात जुनेपुराणे होते. मग विपुलने सायकल काढली. मोबाइल खिशात ठेवून चालले, की चाललेल्या वाटेचा माग आपोआप नोंदला जाई. कोठे पूल वाहून गेला, कोठे नवी वाट पडली, ते तो दर रविवारी नकाशात भरू लागला.

दसऱ्याच्या दिवशी त्याला सालईपाणीचा रस्ता तुटलेला आढळला. हिवरखेडहून डोंगरातल्या त्या पाड्याकडे जाणारा रस्ता ओमप्रकाशच्या खदानीने मधोमध गिळला होता. समोर चाळीस फूट खोल दरड! विपुल कडेकडेने वळसा घालून पलीकडे गेला आणि घरी येऊन त्याने नकाशात रस्ता तोडला. जातायेता त्याने दोन्ही तोंडांवर बाभळीच्या काट्याही, म्हणजे काटेरी फांद्या, आडव्या टाकल्या. वाट बंद आहे, हे सांगण्याची वऱ्हाडातली ही रीत नकाशापेक्षा पुष्कळ जुनी आहे.

त्यानंतर सहा दिवसांनी, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जानरावांचा ट्रॅक्टर त्याच दरडीत कोसळला.

रस्ता तुटल्याचे विपुलने घरी सांगितले होते, पण तोंडावरच्या काट्या कोणी तरी उचलून टाकल्या होत्या, आणि वाट दुरुस्त झाली असे समजून जानराव पुढे गेले. जानराव बाजूच्या ढिगावर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. शेजारी बसलेला त्यांचा मित्र धर्मपाल डोक्यावर आदळला आणि तेव्हापासून अकोल्याच्या इस्पितळात बेशुद्ध पडून होता. पण खरा आघात पुढेच होता. चौथ्या दिवशी पंचनाम्यासाठी तालुक्याचे साहेब आले, तेव्हा तेथे दरड नव्हतीच! होता तो सपाट, मुरूम टाकलेला, सरळ रस्ता. ट्रॅक्टर खाली खदानीच्या तळाशी ओढून नेलेला. ओमप्रकाश हात जोडून म्हणाला, “साहेब, रस्ता तं पयलेपासून हाये. जानराव पिऊन होते. सीधे खदानीत घुसले!” साहेबांनी मोबाइल काढला. नकाशातही रस्ता अखंड होता. त्यांनी त्याचे चित्र काढून पंचनाम्याला जोडले, आणि निष्काळजीपणाने ट्रॅक्टर चालवून माणसाचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा जानरावांवर दाखल झाला.

ज्यांनी जन्मात दारूला स्पर्श केला नाही, त्या जानरावांकडे आता गाव पाठ फिरवून बसले होते. धर्मपालची बायको मैना तर अंगणात उभी राहून ओरडली होती, “माह्या माणसाले यानंच मारलं!”

आणि सर्वांत भयंकर गोष्ट रागिणीने ईशानला सांगितली होती. “बाबाले आता सोताचाच भरोसा नाई. ते म्हणतात, रस्ता असंनच. मीच चुकलो असंन.”

*

“आपल्याला दोन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत,” खुंटी काढत ईशान म्हणाला. “रस्ता त्या दिवशी तुटलेला होता ही पहिली. तो तुटलेला आहे हे ओमप्रकाशला ठाऊक होतं ही दुसरी.”

“दुसरी सिद्ध झाली आहे,” चारुता म्हणाली. तिने मोबाइल पुढे धरला. “नकाशातला प्रत्येक बदल तारखेसह जपून ठेवलेला असतो. हे पाहा. दसरा, विपुलने रस्ता तोडला. दसऱ्याचा दुसरा दिवस, कोणी तरी पुन्हा जोडला! खातं नवंकोरं. त्या खात्यावरून आजवर दोनच दुरुस्त्या झाल्या आहेत. एक हा रस्ता आणि दुसरी?”

“दुसरी काय?”

“ओमप्रकाशच्या खदानीच्या फाटकाला त्याच्याच कंपनीचं नाव!”

“लेका!” विपुलने कपाळावर हात मारला. “चोर आपल्याच घरावर पाटी लावून गेला!”

“पण काहून जोडला असंन?” रागिणीने विचारले.

“सार्वजनिक रस्त्यापासून दूर राहूनच खोदायचं, अशी परवान्याची अट असते. साहेब खुर्चीत बसून नकाशा बघतात. नकाशात रस्ता साबूत, म्हणजे खदान हद्दीत! इतका सरळ हिशेब आहे,” चारुता म्हणाली.

“मग पहिली गोष्ट उरली,” ईशान म्हणाला. त्याने विपुलचा दसऱ्याच्या दिवशीचा माग उघडला. निळी रेघ रस्त्यावरून सरळ येत होती, एका जागी थबकत होती, मोठा अर्धगोल वळसा घेत होती आणि पुन्हा रस्त्याला मिळत होती. “सरळ रस्ता असताना हा वळसा कोण घालील?”

“शेठ म्हणंन, पोट्टं बोरं खायाले गेलतं!” रागिणी म्हणाली.

“म्हणूनच ही नळी!” ईशान उत्साहाने उठून उभा राहिला. ती गवंड्याची नळी होती. दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी राहते, या एवढ्याच आधारावर गवंडी सारे घर समतल बांधतो. “जुना रस्ता शंभर वर्षं दबलेला असतो. तो हलत नाही. नवा भराव मात्र प्रत्येक सुरुंगाबरोबर बसत जातो. दर दोन पावलांवर मोजू. जेथून जेथपर्यंत रस्ता बसतो, तेथून तेथपर्यंत दरड होती!”

त्यांनी दोन दिवस मोजले. बावीस पावलांचा पट्टा रोज खचत होता, त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे एक बोटही हलत नव्हते, आणि त्या बावीस पावलांची दोन्ही टोके विपुलच्या वळशाच्या दोन्ही टोकांशी तंतोतंत जुळत होती! पट्ट्याच्या मध्यावर पहार आपटली, की डेऱ्यावर थाप मारल्यासारखा पोकळ आवाज येई.

“निरा मोठाले धोंडे टाकले अन् वरून मुरूम पसरला,” विपुल पुटपुटला. “आतमंदी खोली हाये, खोली! फटफट्या जातात अन् बकऱ्या जातात. भरला टिप्पर गेला तं...”

वाक्य त्याच्या तोंडातच राहिले. मागून एक जीप करकचून थांबली होती.

*

ओमप्रकाश खाली उतरला. त्याच्यामागे दोन दांडगे गडी होते आणि टिप्परचा ड्रायव्हर गोपाल.

“क्या रे पोट्टेहो! शेठच्या रस्त्यावर मस्करी करून राहिले काय?”

“रस्ता शेठचा नाही, गावाचा आहे,” चारुता म्हणाली.

“वकिलाची नात वाटते!” ओमप्रकाश हसला, आणि त्याच हसऱ्या तोंडाने त्याने ईशानच्या कानशिलात अशी चपराक हाणली, की ईशान गुडघ्यांवर आला. मोबाइल धुळीत पडला. शेठने त्यावर बुटाची टाच ठेवली आणि काच, पत्रा, सर्व चुरा होईपर्यंत ती फिरवली. एका गड्याने पाण्याच्या नळीचे विळ्याने तुकडे केले.

विपुल धावून गेला. त्याने ओमप्रकाशच्या हाताला कडकडून चावा घेतला! शेठ किंचाळला. दुसऱ्या गड्याने पहारीचा दांडा उगारला आणि विपुलच्या डाव्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सर्वांनी ऐकला.

“शेठ, लहान पोट्टे हाये जी! सोडा!” गोपाल ओरडला.

“तू चूप! तुले पगार कोन देते?”

एवढ्यात एक गोटा घोंघावत आला आणि दांडेवाल्याच्या गुडघ्यावर बसला. तो कळवळून आडवा झाला. वीस पावलांवर रागिणी उभी होती. ज्वारीवरची पाखरे उडवायची गोफण तिच्या डोक्यावर गरगर फिरत होती.

“माह्या भावाले अजून एक हात लावून दाखव! पुढचा गोटा डोयात घालतो!”

ओमप्रकाश जीपकडे मागे सरकला. “जा घरी! मोबाइल गेला, सबूत गेला. उद्या तुमचा बाप जेलात जाईन!”

जीप निघून गेली. ईशानच्या ओठातून रक्त ओघळत होते, आणि तरीही तो हसत होता.

“तुले हासू काहून येऊन राहिलं?” विपुल हात छातीशी धरून कण्हत म्हणाला.

“मोबाइल फोडला त्याने. माग तर दसऱ्यापासूनच नकाशावर चढवलेला आहे, आणि आपली मोजमापं चारुताच्या वहीत आहेत! वही बघायचं त्याला सुचलंच नाही.”

*

त्याच संध्याकाळी मोरोपंत अमरावतीहून येऊन पोहोचले. नातवाचा सुजलेला गाल, विपुलच्या हाताचे प्लास्टर आणि नातीच्या कपाळावरची पट्टी त्यांनी पाहिली, मारहाणीची फिर्याद लिहून ठाण्यात पोहोचती केली, आणि मग वही पानोपान वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी साहेबांना फोन लावला.

“नकाशात रस्ता अखंड आहे, वकीलसाहेब,” पलीकडून त्रासिक आवाज आला. “आणखी काय पाहायचं?”

“आपण नकाशा खुर्चीत बसून पाहिलात. चार मुलांनी तो पायांनी पाहिला आहे, आणि त्यापायी मारही खाल्ला आहे. उद्या दहा वाजता स्थळपाहणी करावी, असा माझा लेखी अर्ज आहे. आपण न आल्यास तेही मी लिहीन.”

विपुल-रागिणीच्या आईने, आशाबाईंनी, पोरांना पोटाशी धरले. “आता पुरं झालं रे बावा! एकाचा पाय गेला, एकाचा हात गेला!”

खाटेवर पडलेले जानराव छताकडे पाहत होते. “ट्रॅक्टर पडायच्या आधी धर्मपाल ओरडला होता,” ते हळूच म्हणाले. “‘जानराव, रस्ता कुठं गेला?’ असं मले आठवते. पन डाक्टर म्हणते, मार बसल्यावर मानसाले कायबी आठवते.”

“तो खरंच तसं म्हणाला होता, काका,” ईशान म्हणाला. “उद्या दाखवतो.”

*

सकाळी साडेनऊला चौघे रस्त्यावर पोहोचले, आणि चढावरून येणारी घरघर ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. काठोकाठ गिट्टीने भरलेला टिप्पर वरून उतरत होता!

“साहेब यायच्या आधी भराव दाबून घ्यायचा विचार दिसतो,” ईशान म्हणाला. “पण तो दबणार नाही, फुटेल! आणि आजोबांची जीप खालून येते आहे!”

“रागिणी, काट्या!” विपुल ओरडला.

बांधावर बाभळीचे झुडूप तोडून ठेवलेले होते. रागिणी आणि चारुता यांनी ते फरफटत आणून खालच्या तोंडावर आडवे टाकले. ईशान बावीस पावलांच्या कडेकडेने वळसा घालत वर धावला आणि दोन्ही हात उंचावून टिप्परसमोर उभा राहिला.

“गोपालभाऊ! थांबा! पुढे पोकळ आहे!”

टिप्परने भोंगा वाजवला. गोपालच्या बाजूला बसलेला ओमप्रकाश खिडकीतून ओरडत होता, “चाल पुढं! पोट्टं आपोआप हटंन! चाल!”

टिप्पर थांबेना. ईशान शेवटच्या क्षणी बाजूला झेपावला. चाकाने उडवलेला दगड त्याच्या पाठीत बसला. रागिणीच्या गोफणीतून गोटा सुटला आणि टिप्परची समोरची काच खळ्ळकन फुटली! गोपालने जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. पण पुढची चाके भरावावर चढली होती.

आधी एक खोल, कण्हल्यासारखा आवाज आला. मग रस्त्याला हातभर रुंद भेग पडली, आणि मग सारा भराव गर्जना करीत आत कोसळला! धोंडे धोंड्यांवर आदळले, धुळीचा खांब आभाळात चढला. टिप्परचे नाक खाली गेले, मागची चाके हवेत आली आणि अर्धा टिप्पर दरडीत लोंबकळू लागला. ओमप्रकाश उडी मारून निसटला आणि शेताच्या दिशेने पळत सुटला. गोपाल मात्र चेपलेल्या दाराआड अडकून पडला.

“वाचवा! मले वाचवा!”

खाली काट्यांपाशी जीप थांबली होती. तीतून मोरोपंत उतरले, कुबडीवर जानराव उतरले आणि सर्वांत शेवटी, चेहरा पांढराफटक पडलेले साहेब उतरले.

“साहेब, पंचनामा मागून!” जानराव गरजले. महिनाभरात त्यांचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. “जीप कडंनं वर घ्या! दोर काढा! टिप्परच्या मागच्या हुकाले बांधा, नाई तं पूरा खाली जाईन!”

दोर बांधला. जीपची चाके जागच्या जागी फिरू लागली, तरी टिप्पर खाली जायचा थांबला.

“दारापाशी हलकं मानूस पायजे,” जानराव म्हणाले, आणि कोणी काही बोलण्याआधीच रागिणीने दुसरा दोर कमरेला बांधला होता.

ईशान, चारुता आणि एका हाताने विपुल, अशा तिघांनी तो दोर धरला. रागिणी धोंड्यांवरून उतरली आणि तिने पहारीने दार उचकटले. गोपाल रक्ताने माखलेला बाहेर आला आणि मुलांनी ओढताच कसाबसा वर चढला. त्याच घटकेला टिप्परचे धूड कचकन आणखी हातभर सरकले!

“रागिणी, वर ये!” तिघेही एकदम ओरडले.

“थांबा! इथं कायतरी हाये!”

ती दोन धोंड्यांच्या फटीत हात घालत होती. दोर ओढला गेला आणि रागिणी वर आली, तेव्हा तिच्या हातात ट्रॅक्टरचा फुटका दिवा होता. त्याच्या पत्र्यावर दोऱ्याने बांधलेली, वाळून काळी पडलेली झेंडूची फुले होती, आणि त्यांत खोचलेली आपट्याची दोन पाने.

जानरावांनी तो दिवा दोन्ही हातांनी घेतला. “माह्या ट्रॅक्टरचा हाये,” ते म्हणाले. “दसऱ्याच्या पूजेले रागिणीनं फुलं बांधली होती.”

“साहेब,” चारुता पुढे झाली, “आपल्या पंचनाम्यात लिहिलं आहे, की हा रस्ता पूर्वीपासून जसाच्या तसा आहे. मग यंदाच्या दसऱ्याची फुलं रस्त्याच्या पोटात कशी गेली?”

साहेबांनी वाकून ती फुले पाहिली. मग ते सावकाश म्हणाले, “बाळ, चूक माझी आहे. मी रस्ता पाहिलाच नाही. मी रस्त्याचं चित्र पाहिलं.”

“शेठनं दोन राती भराव टाकाले लावला,” गोपाल जमिनीवर बसल्याबसल्या म्हणाला. “काट्याबी त्यानंच उचलाले लावल्या. अन् मोबाइलवर रस्ता जोडला, तो माह्या समोर. ज्या पोट्टेहोले मी चिरडाले निंघालो होतो, त्यायनंच मले काढलं. सारं लिहून देतो, साहेब.”

ओमप्रकाश फार दूर गेला नव्हता. तुरीच्या शेतात निंदणाऱ्या बायांनी त्याला घेरले होते, आणि त्या घोळक्याच्या पुढे विळा हातात धरून मैना उभी होती.

*

तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या इस्पितळात धर्मपालने डोळे उघडले. मैना उशाशी होती, जानराव पायथ्याशी होते. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि क्षीण आवाजात विचारले, “जानराव, रस्ता कुठं गेला?”

मैना उठली आणि तिने जानरावांचे पाय धरले. जानराव लहान मुलासारखे रडले.

गुन्हा मागे घेतला गेला, ओमप्रकाश कोठडीत गेला आणि खदानीला कुलूप लागले. मुले अमरावतीला निघण्याच्या दिवशी साहेब स्वतः हिवरखेडला आले. “यापुढे तालुक्यातला एकही रस्ता पायांनी पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही,” ते म्हणाले. “आणि कोठून सुरुवात करायची, ते विपुलने मला सांगावं.”

“आयुष्यभर मी पुराव्यांवर भांडलो,” मोरोपंत म्हणाले, “पण इतका निर्दोष पुरावा माझ्यासमोर कधी आला नाही. शाबास!”

मग चौघे शेवटचे काम करायला दरडीच्या तोंडाशी गेले. विपुलने चारुताच्या मोबाइलवर रस्ता तोडला आणि कारण लिहिण्याच्या रकान्यापाशी थांबला.

“‘येथे दरड आहे’ असं लिही,” चारुता म्हणाली.

“‘चाळीस फूट’ हेही लिही. आणि आजची तारीख,” ईशान म्हणाला.

“‘स्वतः पाहिली’ हे सगळ्यांत आधी लिही!”

“अबे, एका हातानं किती लिहू?”

त्यांचा वाद रंगला होता. रागिणीचे त्याकडे लक्ष नव्हते. ती बाभळीची एक मोठी काटी ओढत आणत होती. ती तिने रस्त्यावर नीट आडवी टाकली, हलते का ते पायाने पाहिले आणि वर दोन धोंडे ठेवले.

“नकाशा तुमाले अमरावतीले दिसंन,” ती हात झटकत म्हणाली. “काटी इथं दिसते. दोन्ही पायजे!”